दहा प्रस्ताव, एक परीक्षक आणि आजीचा प्रश्न

मे महिन्यात दहा दिवस घरी, पालीला होते. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव. गड चढलेल्यांना आमच्या गावापेक्षा पाली दरवाजाच जास्त ओळखीचा असतो. घरी निघताना लॅपटॉपमध्ये दहा पीडीएफ उतरवून घेतल्या होत्या, कारण आमच्याकडे रेंज ओसरीच्या एका कोपऱ्यात येते आणि तीही तिच्या मर्जीने.

त्या कोपऱ्यात मी वाचत बसले होते आणि समोर आजी तांदूळ निवडत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काय वाचतीस एवढं?"

म्हटलं, "मोठ्या दुर्बिणीवर कुणाला किती वेळ द्यायचा ते ठरवायचं असतं. लोकांनी अर्ज केलेत, ते तपासतेय."

"म्हंजी पेपर तपासतीस. किती देत्यात?"

"काहीच नाही."

आजीचा हात सुपात थांबला. "मग कशापायी?"

त्या वेळी मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा नीट दिलेलं उत्तर. कोणती दुर्बीण आणि प्रस्तावांत काय होतं, हे सांगणार नाही. गोपनीयतेची अट मान्य करूनच हे काम घेतलंय. पण ही पद्धत कुठून आली, कुठे चुकली आणि फुकटात का चालते, हे सांगण्यासारखं आहे. या गोष्टीचे काही महत्त्वाचे धागे आपल्या पुणे जिल्ह्यातूनच जातात.

पाण्याची पाळी

आजीला शेवटी समजलं ते पाण्याच्या उदाहरणाने. पाटाला पाणी ठरावीक, शेतकरी अनेक, म्हणून पाळी लावावी लागते. दुर्बिणीचं तसंच असतं. वर्षाचे तास ठरलेले. त्यातून दुरुस्ती, चाचण्या, खराब हवामान वजा करायचं. उरलेले तास मागणारे मात्र कितीतरी पट. कुणाला कृष्णविवराच्या आसपासचा वायू बघायचाय, कुणाला नव्या ताऱ्याभोवतीची धूळ, कुणाला स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजायचेत. प्रत्येकाचं म्हणणं, माझं पीक महत्त्वाचं.

मग पाळी कोण लावणार? सरकारी अधिकारी लावू शकतो, पण त्याला पिकातलं कळत नाही. ज्याला पिकातलं कळतं तो स्वतःही शेतकरीच असतो आणि त्यालाही पाणी हवंच असतं. विज्ञानातल्या तज्ज्ञ परीक्षणाची सगळी गंमत आणि सगळी अडचण या एका वाक्यात आहे. पंच आणि अर्जदार एकाच गावचे.

ही पद्धत साडेतीनशे वर्षं जुनी आहे, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. रॉयल सोसायटीचं नियतकालिक १६६५ मध्ये सुरू झालं, पण तेव्हा काय छापायचं ते संपादक हेन्री ओल्डेनबर्गच ठरवत. तज्ज्ञांकडून लेखी अभिप्राय मागवायची प्रथा तिथे १८३० च्या दशकात पडली. सगळीकडे सक्तीची व्हायला तर विसावं शतक उजाडलं. 'नेचर'सारख्या नियतकालिकाने प्रत्येक शोधनिबंध बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवण्याचा नियम १९७३ मध्ये केला. म्हणजे आज आपण जिला विज्ञानाचा कणा म्हणतो, ती पद्धत या रूपात माझ्या आईवडिलांच्याच पिढीची आहे.

१९६१ चा एक अर्ज

आपल्याकडच्या खगोलशास्त्रातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रस्ताव १९६१ चा आहे. तेव्हा ना छापील फॉर्म होता, ना पानांची मर्यादा. परदेशात काम करणाऱ्या चार तरुण भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून तो लिहिला: गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन. तिघे अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात. म्हणणं साधं होतं. आम्ही चौघं एकत्र भारतात येतो, आम्हाला रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करू द्या.

त्या वेळी स्वरूप बत्तीस वर्षांचे होते, नुकतीच स्टॅनफर्डमधून पीएचडी झालेली. आज कुणी एवढ्या भांडवलावर देशात नवी शाखा सुरू करायचा प्रस्ताव पाठवला, तर परीक्षक काय लिहील ते मी सांगू शकते: "गटाला मोठे प्रकल्प राबवण्याचा अनुभव नाही."

प्रस्ताव टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांकडे पोचला. भाभा भौतिकशास्त्रज्ञ, रेडिओ खगोलशास्त्र हे काही त्यांचं क्षेत्र नव्हतं. त्यामुळे ज्यांना त्यातलं कळतं त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि तो शब्द आला. आकाशगंगेची रचना उलगडणारे नेदरलँड्सचे यान ऊर्ट, बार्ट बोक यांच्यासारख्या दिग्गजांनी भाभांना पत्रं लिहून या चौघांची पाठराखण केली. जानेवारी १९६२ मध्ये भाभांची तार गेली, गट स्थापन करायचा निर्णय झाला आहे, सविस्तर पत्र मागून येतंय.

१९६३ मध्ये स्वरूप परत आले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ लहान तबकड्या मुंबईजवळ कल्याणला उभारल्या गेल्या आणि १९६५ मध्ये सूर्याची निरीक्षणं सुरू झाली. मग १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांब दुर्बीण झाली. १९८४ मध्ये स्वरूपांच्या डोक्यात त्याहून मोठी कल्पना आली आणि तिच्यातून जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या वाय आकाराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जिल्ह्याच्या एका टोकाला आमची पाली, दुसऱ्या टोकाला खोडद.

या गोष्टीत स्वरूपांचं नाव येतं, भाभांचं येतं, आणि ते योग्यच आहे. पण मला त्या पत्रं लिहिणाऱ्यांचं अप्रूप वाटतं. ऊर्टना त्यातून काय मिळणार होतं? नेदरलँड्समध्ये बसून दुसऱ्या देशातल्या, अजून न बांधलेल्या प्रयोगशाळेसाठी कुणाची तरी बाजू मांडायची. पाकीट टेबलावर पडून राहिलं असतं तरी कुणी जाब विचारला नसता. त्यांनी वाचलं, विचार केला आणि दोन शब्द लिहिले. बस, एवढंच.

आइन्स्टाईनचा राग

परीक्षकाचं काम नेहमी पाठीवर थाप मारायचं नसतं. १९३६ मध्ये आइन्स्टाईन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'कडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात असतात का, असा प्रश्न होता आणि त्यांचं उत्तर होतं, नाही. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवला. तज्ज्ञाने चूक दाखवून दिली. आइन्स्टाईन भडकले. आपण निबंध छापायला पाठवला होता, छापण्याआधी कुणाला दाखवायची परवानगी दिलेली नव्हती, असा त्यांचा सूर होता. त्यांनी निबंध परत घेतला.

पुढे तो दुसरीकडे छापून आला, पण निष्कर्ष बदलून. मधल्या काळात हॉवर्ड रॉबर्टसन या प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञाने आइन्स्टाईनच्या सहायकाशी गप्पा मारता मारता तीच चूक लक्षात आणून दिली होती. मूळचा निनावी परीक्षक हाच रॉबर्टसन होता, हे सिद्ध व्हायला जवळपास ७० वर्षं गेली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञाची चूक पकडली आणि कुणाला बोलला नाही. आमच्या क्षेत्रात यापेक्षा मोठा संयम मी ऐकलेला नाही.

त्या लहरी २०१५ मध्ये प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. त्याच जातीची वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायची आहे; २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

आज पाळी कशी लागते

जीएमआरटी ऑक्टोबर २००१ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. तेव्हापासून वर्षातून दोन फेऱ्या असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कुठल्याही देशातून अर्ज करता येतो. परीक्षक वाचतात, मत देतात आणि वेळवाटप समिती यादी लावते. निरीक्षणाच्या वेळेसाठी पैसे आकारले जात नाहीत. पारडं ठरतं ते फक्त कल्पना आणि तयारी यांच्या वजनावर.

२८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाचंही असंच. सुरुवातीचे महिने चाचणीचे, मग काही महिने उपकरणं बांधणाऱ्या गटांचे, आणि त्यानंतर बाहेरच्यांसाठी दार उघडलं. अर्ज स्वीकारायची आणि परीक्षकांपर्यंत पोचवायची संगणकप्रणाली पुण्यातल्या आयुकात तयार झाली. एखाद्या महाविद्यालयातला प्राध्यापक, ज्याच्या गावात नीट प्रयोगशाळाही नाही, तो अवकाशातल्या दुर्बिणीवर वेळ मागू शकतो ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. पण ती खरी ठरते ती कुठेतरी कुणीतरी त्याचा अर्ज मन लावून वाचला तरच.

पंच चुकतात तेव्हा

आता अवघड भाग.

१९९५ मध्ये हबल दुर्बिणीची वैज्ञानिक सूत्रं सांभाळणाऱ्या संस्थेचे संचालक होते रॉबर्ट विल्यम्स. त्यांच्या मनात आलं की सप्तर्षीजवळच्या, वरवर रिकाम्या दिसणाऱ्या आकाशाच्या एका कणभर तुकड्याकडे दुर्बीण सलग दहा दिवस रोखून धरायची. अनेक ज्येष्ठांनी नको म्हणून सांगितलं. जॉन बाकॉलसारख्या मान्यवराने आधीच आकडेमोड करून मांडलं होतं की हबलला जमिनीवरच्या दुर्बिणींपेक्षा फारशा जास्त अंधूक दीर्घिका दिसणार नाहीत. शिवाय हबलच्या आरशातल्या दोषाने झालेली नाचक्की ताजी होती, दुरुस्ती होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. दहा दिवस फुकट गेले असते तर हसं झालं असतं.

नेहमीच्या समितीपुढे हा प्रस्ताव टिकला असता का, याची मला शंका आहे. विल्यम्स यांच्याकडे संचालकाच्या अधिकारातली राखीव वेळ होती. ती त्यांनी वापरली. त्या तुकड्यात सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या आणि दूरच्या, म्हणजेच लहानपणीच्या विश्वाकडे बघायची आपली रीतच बदलली.

राजगडावर राजमार्ग म्हणजे आमचा पाली दरवाजा. रुंद पायऱ्या, सरळ वाट, चार लोकांसमक्ष आत जायचं. गुंजवण्याच्या बाजूला मात्र चोर दरवाजाही ठेवलाय. गड बांधणाऱ्यांना माहीत होतं की एकाच दरवाजावर भिस्त ठेवून चालत नाही. विल्यम्स यांची राखीव वेळ हा तसाच दुसरा दरवाजा होता.

पण म्हणून समिती नेहमी भित्री आणि बंडखोर नेहमी बरोबर, असं म्हणावं का? इथे दुसरी गोष्ट ऐका. हॅल्टन आर्प हे नाणावलेले निरीक्षक. चित्रविचित्र आकाराच्या ३३८ दीर्घिकांचा त्यांचा १९६६ चा संग्रह आजही वापरला जातो. त्यांचं म्हणणं असं होतं की क्वेसारांचं ताम्रसृतीवरून काढलेलं अंतर चुकीचं आहे, लांबचे समजले जाणारे काही क्वेसार खरं तर जवळच्या दीर्घिकांशी जोडलेले आहेत. तसं असेल तर विश्वाच्या प्रसरणाचं चित्र नव्याने काढावं लागलं असतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पालोमारच्या वेळवाटप समितीने या कामासाठी त्यांना वेळ देणं थांबवलं. आर्प अमेरिका सोडून जर्मनीला गेले.

आपले जयंत नारळीकर या वादात बाहेरून बघणारे नव्हते. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी महास्फोटाला पर्यायी विश्वरचना मांडली. १९९० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या पर्यायी दृष्टिकोनाच्या लेखावर आर्प, बर्बिज, हॉइल, नारळीकर आणि विक्रमसिंघे अशी पाच नावं आहेत. तोपर्यंत नारळीकर पुण्यात आयुकाचे संस्थापक-संचालक झाले होते. स्वतः अल्पमतात असलेला माणूस, आणि देशभरातल्या विद्यापीठांना संशोधनाची साधनं खुली करून देणारी संस्था त्याने उभी केली. हा मला योगायोग वाटत नाही.

पुढच्या मोठ्या सर्वेक्षणांनी आर्प यांच्या बाजूने कौल दिला नाही. आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्यांचा निष्कर्ष चूक मानतात, मीही मानते. म्हणजे समिती बरोबर होती? निष्कर्षापुरती, हो. पण 'तुझं म्हणणं चूक आहे' आणि 'तू बघायचंच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षकासमोर विल्यम्स आणि आर्प एकाच रंगाच्या पीडीएफमध्ये येतात. दोघांबद्दल ज्येष्ठांचं मत प्रतिकूलच असतं. कोण कुठला, हे तीस वर्षांनी कळतं.

नाव झाकलं तर

पंच चुकतात तशी त्यांची नजरही ठरलेल्या जागी जाते. २०१४ मध्ये हबलच्या अनेक फेऱ्यांचे आकडे तपासल्यावर दिसलं की स्त्रिया प्रमुख असलेल्या प्रस्तावांचा यशाचा दर पुरुषांपेक्षा फेरीमागून फेरी कमीच येतोय. फरक फार मोठा नाही, पण पालथा होतच नाही. नावं मागे सरकवून पाहिली, आद्याक्षरं करून पाहिली. फारसा उपयोग झाला नाही. शेवटी २०१८ मध्ये परीक्षकांना अर्जदारांची नावं अजिबात न दाखवायचं ठरलं. अर्जदारांनीही 'आम्ही आधी दाखवून दिल्याप्रमाणे' असं लिहायचं नाही. त्या फेरीत स्त्रियांचा दर ८.७ टक्के आणि पुरुषांचा ८.० टक्के आला.

एका फेरीच्या आकड्यावरून नाचू नये. पण पुढच्या फेऱ्यांत पहिल्यांदाच वेळ मिळवणारे लोक वाढले, हे मला जास्त बोलकं वाटतं. चर्चाही बदलली असं परीक्षक सांगतात: 'हा गट करूच शकेल' याऐवजी 'हे करण्यासारखं आहे का' असं लोक बोलू लागले. नासानेही पुढे ही पद्धत बऱ्याच ठिकाणी लागू केली.

माझे दहा

तरीही एक प्रश्न उरतोच, एवढे परीक्षक आणायचे कुठून? नासा तर स्वयंसेवक परीक्षकांची नोंदणीच करून घेते. २००९ मध्ये मायकल मेरिफील्ड आणि डॉनल्ड सारी यांनी वेगळाच उपाय सुचवला: ज्याने अर्ज केला त्यानेच इतरांचे काही अर्ज तपासावेत. पाणी हवं असेल तर पाट साफ करायला या. जेमिनी दुर्बिणीने २०१५ मध्ये ते करून पाहिलं आणि चिलीतल्या ५,००० मीटर उंचीवरच्या आल्मा दुर्बिणीने २०२१ पासून बहुतेक प्रस्तावांसाठी हीच पद्धत घेतली. अर्जामागे दहा प्रस्ताव वाचायचे, एक ते दहा क्रम लावायचा, प्रत्येकावर अभिप्राय लिहायचा. विद्यार्थी परीक्षक असेल तर अनुभवी मार्गदर्शक सोबत हवा.

मी केलं ते काम याच पद्धतीचं. आमच्या गटाचा अर्ज होता, गटातून परीक्षक कोण होणार असं सरांनी विचारलं आणि मी हात वर केला. दहांपैकी एक विषय आमच्या कामाला फारच जवळचा निघाला. तो वाचायच्या आधीच हितसंबंध असल्याचं कळवलं आणि बदलून दुसरा घेतला.

हात वर करण्यामागे एक जुनं दुखणं होतं. दोन वर्षांपूर्वी माझा पहिला स्वतंत्र प्रस्ताव नाकारला गेला, वेगळ्या ठिकाणी. नकाराचं काही नाही, होतो. पण अभिप्रायात एक ओळ होती, की निरीक्षणाला किती वेळ लागेल याचं गणित दिलेलं नाही. गणित तिसऱ्या पानावर होतं, तक्त्यासकट. म्हणजे तिसरं पान उघडलंच गेलं नव्हतं. मी चार दिवस नीट जेवले नव्हते.

आणि आता माझी कबुली. नवव्या प्रस्तावापर्यंत माझे डोळे मिटायला लागले होते. त्याचं इंग्रजी अडखळत होतं, आकृती धुरकट होती. मी त्याला शेवटून दुसरा क्रमांक दिला आणि अभिप्रायात लिहिलं: "नमुन्यातले तारे कसे निवडले ते स्पष्ट नाही." रात्री अंगणात बाज टाकून पडले होते. पालीचं आकाश पुण्यासारखं नाही, मे महिन्यात मध्यरात्रीनंतर वृश्चिक पूर्ण दिसतो. आणि एकदम मनात आलं: मी त्याचं तिसरं पान वाचलं का?

उठून कंदिलाखाली नव्हे, मोबाईलच्या उजेडात पुन्हा उघडलं. निवडीचे निकष होते. वाक्य वेडंवाकडं होतं, पण निकष चोख होते, माझ्या स्वतःच्या प्रस्तावापेक्षाही. सकाळी सगळे दहा पुन्हा वाचले. तो नववा तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्याला वेळ मिळाला की नाही, मला कळणार नाही. त्यालाही कळणार नाही की कुणीतरी त्याला आधी शेवटून दुसरा ठेवलं होतं.

सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्यांदा वाचलंस ना? मग झालं." मला मात्र ते 'झालं' वाटत नाही. पहिल्यांदा वाचताना मी तेच केलं होतं जे माझ्याशी झालं होतं, आणि माझ्यात दुष्टपणा नव्हता, फक्त दमणूक होती. बहुधा माझ्या परीक्षकाचंही तसंच असेल. दोन वर्षं मी ज्याच्यावर मनातल्या मनात चिडून होते, त्याच्यावरचा राग त्या रात्री बराच उतरला.

तर आजी, कशापायी? १९६१ मध्ये कुणीतरी फुकटात चार पोरांसाठी पत्र लिहिलं म्हणून आज खोडद आहे, आणि ज्या शाखेत मी पीएचडी करतेय ती या देशात आहे. पैसे घेऊन कुणी माझा प्रस्ताव वाचणार नाहीये. वाचेल तो माझ्यासारखाच कुणीतरी, आपलं काम बाजूला ठेवून. मग माझ्या पाळीला मीही नीट वाचायला हवं.

हे सगळं तिला निघायच्या दिवशी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी इर्जिकच की."

इर्जिक म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने, मजुरी न घेता राबायचं. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. मी दोन हजार शब्द लिहिले, तिने एका शब्दात सांगितलं.